मोटारींच्या कसरतीस मैदान कोठे?

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी सायंकाळी दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजपर्यंत शिक्षण, वसतिगृह, वधूवरसूचक मंडळ, शिष्यवृत्तीचा निधी इत्यादी विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विचार मांडले आहेत. त्या मालिकेत मोटारींच्या शर्यतीचा विषय यावा हे कित्येकांस विसंगत वाटेल आणि काहींस तो निव्वळ पोरखेळही वाटेल. तथापि हा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. आपल्या युवक शाखेने कार्यकारी मंडळाकडे एक अर्ज केला. वसतिगृहाच्या पाठीमागील मोकळी जागा वर्षातून चार रविवार ‘ऑटोक्रॉस’ नामक खेळासाठी मिळावी, अशी त्यात विनंती होती. अर्जावर तेहतीस सह्या होत्या व त्यांपैकी सात मुलींच्या होत्या. मंडळात या अर्जावर बराच वाद झाला आणि अखेर जागांची पाहणी करून मत सांगण्याचे काम आम्हांकडे सोपविण्यात आले. ते मत आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण ‘शर्यत’ हा शब्द ऐकताच पाच-पन्नास मोटारी एकमेकींस खेटून धावत आहेत असे चित्र डोळ्यांपुढे येते. ऑटोक्रॉसमध्ये तसे काही नसते. मोकळ्या मैदानावर रबरी अगर प्लॅस्टिकचे शंकू मांडून एक वळणावळणांचा मार्ग आखतात. त्या मार्गाने एका वेळी एकच मोटार जाते आणि तिला लागलेला वेळ घड्याळावर मोजतात. अमेरिकेत हा खेळ ज्या संस्थेच्या नियमांनी बहुधा खेळला जातो, ती स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था 1944 साली स्थापन झाली. तिच्या नियमानुसार एक शंकू पडला की स्पर्धकाच्या वेळेत दोन सेकंद वाढतात आणि ठरलेला दरवाजा चुकला तर ती फेरीच बाद होते. वेग साधारणतः हमरस्त्यावरील कायदेशीर वेगाच्या पलीकडे जात नाही. पुष्कळशी मोटार दुसऱ्याच गिअरमध्ये चालते. सारे कसब ब्रेक केव्हा दाबावा, चाक किती वळवावे आणि गाडीचा भार कोणत्या बाजूस जातो आहे हे जाणण्यात असते. आमच्या मते या खेळाचे नाते धावण्याच्या शर्यतीपेक्षा लिंबू-चमच्याच्या शर्यतीशी अधिक जवळचे आहे.

इंग्लंडमध्ये ऑटोक्रॉस हे नाव गवताच्या अगर कच्च्या मैदानावरील खेळास देतात आणि डांबरी पृष्ठभागावर शंकूंमधून खेळल्या जाणाऱ्या प्रकारास ऑटोसोलो म्हणतात. आपल्या देशात या नावाच्या स्पर्धा बहुधा मातीच्या मार्गावर होतात. आमच्या मुलांना हवा आहे तो शंकूंचा प्रकार, आणि मैदान शोधताना हा भेद विसरून चालत नाही.

आता कोणी म्हणेल की, हे नसले म्हणून काय अडले? अडले आहे ते असे. ज्या मुलांस मोटार चालविण्याचा शौक आहे ती मुले मैदान नाही म्हणून घरी बसत नाहीत. ती रात्री अकरानंतर बाह्यवळण रस्त्यावर जातात, घाटात जातात. तेथे समोरून दूधगाडी येते, वळणावर दिवे नसलेला ट्रॅक्टर उभा असतो. आपल्यापैकी कित्येक आईबापांना हे ठाऊक आहे आणि कित्येकांना ठाऊक नाही, एवढेच आज आम्ही म्हणू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमानुसार, राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे अगर वेगाची परीक्षा घेणे हा अपराध आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद अगर पाच हजार रुपयांपर्यंत दंड अगर दोन्ही आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद अगर दहा हजारांपर्यंत दंड अगर दोन्ही, अशी शिक्षा आहे. ज्या मुलास उद्या नोकरीसाठी अगर पारपत्रासाठी पोलिसांचा दाखला लागणार, त्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे पालकांनीच पाहावे. दंडाहूनही मोठी गोष्ट जिवाची आहे.

यास्तव, मुलांना मैदान मिळाले पाहिजे या मूळ मुद्द्यावर आमचे युवक शाखेशी काडीइतकेही दुमत नाही. दुमत आहे ते वसतिगृहामागील जागेविषयी.

ती जागा आम्ही फीत धरून मोजली. ती साठ गुंठे, म्हणजे दीड एकर भरते. लागणारी जागा किती याचा हिशेब आम्ही असा केला. एक फेरी निदान पाऊण मिनिटाची नसेल तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर धरला तर पाऊण मिनिटात सुमारे 625 मीटर अंतर कापले जाते. एवढा मार्ग नागमोडी घालून बसवावयाचा तर गाडी घसरली असता शेजारच्या पट्ट्यात शिरू नये म्हणून मार्गासाठी मोकळ्या जागेसह सुमारे 25 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. म्हणजे निव्वळ मार्गासच पावणेचार एकरांहून थोडी अधिक जागा झाली. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेचे नियम असे की, मार्गाची रुंदी निदान 15 फूट असावी, सापकिडीच्या वळणांतील दोन शंकूंमध्ये निदान 45 फूट अंतर असावे, खांब, भिंत अशा घट्ट वस्तूंपासून मार्ग 25 फुटांच्या आत येऊ नये आणि जेथे आडोसा नाही तेथे प्रेक्षकांना 75 फूट दूर ठेवावे. प्रेक्षक एकाच बाजूस बसविले तरी या मोकळ्या कडांसाठी सव्वा-दीड एकर जातोच. चाळीस मोटारी उभ्या करण्यास दहा-बारा गुंठे निराळे. सर्व मिळून साडेपाच ते सहा एकर लागतात आणि आपल्याजवळ आहे दीड एकर.

शिवाय त्या जागेच्या पश्चिमेस प्रसूतिगृह आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे व शांतता क्षेत्रात ती 50 आहे. सहा मोटारी एकामागून एक सोडल्या तरी ती पाळली जाणे शक्य नाही. वसतिगृहातील मुलांच्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असतात आणि मोटारवाल्या मुलांना नेमके तेच कोरडे दिवस हवे असतात. ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्या खेळासाठी, ज्यांच्या घरी पंख्याखाली बसून वाचण्याची सोय नाही म्हणून जे येथे राहतात, त्यांचा अभ्यास मोडावा हे आम्हांस रुचत नाही. ती जागा देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग जागा कोठून आणावी? इतरांनी काय केले ते पाहिल्यास मार्ग थोडा उजळतो. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेले विमानतळ युद्ध संपताच ओस पडले आणि मोटारीच्या खेळास आयत्या धावपट्ट्या मिळाल्या. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन हा मूळचा बाँबफेकी विमानांचा तळ. तेथे 1948 च्या ऑक्टोबरात ब्रिटिश ग्रां प्री झाली. आपल्या देशातील उदाहरण मद्रासच्या उत्तरेस असलेल्या शोलावरमचे आहे. तीही युद्धकाळातील धावपट्टी. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तेथे वर्षानुवर्षे शर्यती भरविल्या. परंतु परक्याच्या जागेवरील संसार किती दिवस चालणार? अखेर क्लबने श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःची जमीन मिळवून मार्ग बांधला व तो 1990 साली सुरू झाला. स्थापनेपासून सदतीस वर्षे! आमच्या युवक शाखेने हा आकडा ध्यानात ठेवावा, म्हणजे दोन अर्ज नामंजूर झाल्यावर येणारा वैताग थोडा कमी होईल.

अमेरिकेत जागेची ददात नाही असा आपला समज असतो. आपल्या ज्ञातीतील जी मुले तिकडे नोकरीस आहेत त्यांच्याकडून निराळेच ऐकावयास मिळते. तिकडील हौशी मंडळांचा मुक्काम बहुधा क्रीडागारांच्या वाहनतळांवर आणि लष्कराने सोडलेल्या विमानतळांवर असतो. खेळाची राष्ट्रीय स्पर्धा 2009 पासून नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी, पूर्वी हवाई दलाचा तळ असलेल्या विमानतळाच्या काँक्रीटवर भरू लागली. पण कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी मोठ्या क्रीडागाराच्या वाहनतळावर स्थानिक मंडळाचे शंकू मांडले जात असत, ते क्रीडागार पाडण्यात आले आणि तेथे विद्यापीठाचा विस्तार उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोचे कॅंडलस्टिक पार्कही 2015 साली पाडण्यात आले. ज्या जागेस मोल येते ती जागा खेळाच्या हातून जाते, हा तेथील अनुभव आपल्याकडील क्रिकेटच्या मैदानांसही लागू आहे.

इंग्लंडच्या कायद्यातील एक तरतूद मात्र आम्हांस फार शहाणपणाची वाटली. तेथे जमिनीचा तात्पुरता निराळा उपयोग वर्षातून 28 दिवसांपर्यंत नगररचनेच्या स्वतंत्र परवान्यावाचून करता येतो आणि त्यांपैकी मोटारींच्या शर्यती व वेगपरीक्षा यांस 14 दिवसांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे शेतकरी पीक निघाल्यावर आपले रान एखाद-दुसऱ्या रविवारी क्लबास देतो, चार पैसे घेतो आणि पुन्हा नांगर धरतो. कोणाचीच जमीन कायमची जात नाही.

आपल्याकडे पीक निघालेले रान घ्यावे असे आम्हांसही प्रथम वाटले. परंतु काळ्या जमिनीस उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. त्यात चाक अडकले की ॲक्सल गेलाच म्हणून समजावे. वळवाचा एक पाऊस पडला की त्याच रानाचा चिखल होतो. मुरमाड माळ उत्तम. पाणी ठरत नाही, चाक रुतत नाही, धुळीसाठी टँकरचे पाणी मारले की झाले. म्हणून दोन माळ पाहिले. एक गायरान निघाले. गायरान म्हणजे कोणाचेच नाही असे शहरातील माणसास वाटते. वास्तविक ते गावाच्या गुरांचे असते, आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील आक्रमणांविरुद्ध कडक निकाल दिला आहे. दुसऱ्या माळावर आम्ही गेलो तेव्हा मेंढरांचा कळप बसला होता. मेंढपाळाने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “चार रविवार तुमचे, मग त्या चार रविवारी मेंढरांनी काय खावं?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय अशा माळांवर चिंकारा, लांडगा, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी राहतात. उजाड दिसते म्हणून ती पडीक जमीन आहे असे मानणे बरे नव्हे.

बाजार समितीचे आवार पाहिले. काँक्रीट सुंदर, रविवारी लिलाव बंद. पण मधोमध ओटे, खांब, पाण्याच्या टाक्या. पंचवीस फुटांचा नियम एका जागीही पाळता येईना. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे वाहनतळ मोजले, ते पुरेसे होते. व्यवस्थापकांनी चहा दिला, जागा दाखविली आणि आठ दिवसांनी विम्याचे कारण सांगून नकार कळविला. त्यांना आम्ही दोष देत नाही. छोट्या विमानतळांची धावपट्टी मिळावी असा काही तरुणांचा आग्रह आहे. परंतु जेथे विमानोड्डाणाचे शिक्षण चालू आहे तेथे टायरांनी उडविलेला एक खडाही विमानाच्या पंख्यास घातक ठरतो. चालू धावपट्टीचा नाद सोडावा.

आता ज्या जागेविषयी आम्हांस आशा वाटते तिच्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याचा गाडीतळ आम्ही दोनदा जाऊन पाहिला. गळिताच्या हंगामात तेथे पाय ठेवावयास जागा नसते. उसाच्या बैलगाड्या, ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस वजनकाट्यापुढे रांग धरून असतात. परंतु हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत तो तळ रिकामा असतो. खडी-मुरूम दाबून केलेली जमीन अवजड गाड्यांनी आणखी पक्की झालेली आहे. आमच्या मोजणीत ती साडेसात एकर भरली. भोवती वस्ती नाही, हमरस्ता जवळ, रुग्णवाहिकेस आत येण्यास व बाहेर पडण्यास दोन निराळी फाटके. हे शेवटचे आम्ही मुद्दाम पाहिले, कारण ज्या मैदानास एकच दार आहे तेथे रुग्णवाहिका प्रेक्षकांच्या मोटारींत अडकते.

दोष नाहीत असे नाही. तळाच्या पूर्वेस बगॅसचा ढीग पावसाळ्यापर्यंत असतो आणि उन्हाळ्यात त्यास एक ठिणगी पुरे. पलीकडे मळीच्या टाक्या व आसवनीचे आवार आहे. म्हणून मार्ग पश्चिमेच्या अर्ध्या भागातच आखावा, सायलेन्सर काढलेली अगर पाठीमागून ज्वाला फेकणारी एकही गाडी आत घेऊ नये आणि पाण्याचा टँकर धुळीसाठी येईल तोच दिवसभर भरलेला उभा ठेवावा, असे आम्ही सुचवितो. पसरलेले पाचट आदल्या दिवशी झाडून काढावे लागेल. चाकांच्या रुंदीच्या मानाने उंच असलेल्या जीपगाड्या शंकूंच्या वळणात कलंडण्याचा संभव असतो. त्यांना पहिल्या वर्षी मज्जाव असावा. हे ऐकून कोणाचे चिरंजीव रुसले तर रुसोत.

कारखाना सभासद शेतकऱ्यांचा आहे, संचालक मंडळाने होय म्हटले पाहिजे. संचालकांपैकी दोघांशी आमचे बोलणे झाले. त्यांचे म्हणणे सरळ होते. मुलांच्या नावाने अर्ज आला तर तो फायलीत जाईल. नोंदणी झालेल्या संस्थेच्या नावाने, अनामत रकमेसह आणि विम्याच्या कागदासह आला तर मंडळापुढे येईल. येथेच संघाचे काम लागते. मोटारीच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत व वेगपरीक्षा वगळलेली असते, ही गोष्ट तेहतीसपैकी फार तर चौघांना ठाऊक होती. त्या दिवसापुरता आयोजकांचा स्वतंत्र विमा काढावा लागेल. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील नियामक संस्था आहे; तिच्याशी संलग्न असलेल्या एखाद्या क्लबाच्या देखरेखीखाली हे झाले तर अनुभवी पंच मिळतील. पोलिसांस व तहसीलदारांस आगाऊ लेखी कळविणे हे तर आलेच. जागा खाजगी आहे म्हणून कायदा दाराबाहेर राहतो असे कोणी समजू नये. तिकिटावाचून ज्यास त्यास आत सोडले तर ते ठिकाण सार्वजनिक आहे असे उद्या कोणीही म्हणेल.

पैशाविषयी दोन शब्द. शिष्यवृत्तीच्या निधीस यासाठी हात लावू नये. प्रत्येक स्पर्धकाने प्रवेशशुल्क द्यावे, त्यातून विमा, टँकर, रुग्णवाहिका यांचा खर्च भागावा. संघाने द्यावयाची ती फक्त अनामत, आणि ती परत येणारी आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की, गाडीतळाचा एखादा खांब पडला व अनामत बुडाली तर? त्यावर आमची सूचना अशी की, तेहतीस जणांच्या पालकांनी सारख्या हिश्शाने ती भरून देण्याचे लिहून द्यावे. ज्या बापास स्वतःच्या मुलाच्या हाती मोटार देण्याचा विश्वास आहे त्याने एवढी सही करण्यास हरकत असू नये. एकोणीस सह्या आजवर आल्या आहेत.

मुलींच्या प्रवेशाबद्दल कुजबुज आमच्या कानी आली आहे. शंकू ओळखीत नाहीत की चाकामागे कोण बसले आहे. मोजणीच्या दिवशी ज्या तिघी आमच्याबरोबर आल्या होत्या त्यांनी भर दुपारी फीत धरली आणि नकाशाही त्यांनीच काढला. तो बाहेर नोंदणीच्या टेबलावर लावला आहे.

संचालक मंडळाची सभा पुढील महिन्यात आहे. तत्पूर्वी अर्ज गेला नाही तर विषय पुढल्या सभेवर जाईल, पाऊस येईल आणि त्यामागून पुन्हा उसाच्या गाड्या येतील. मधले सारे महिने रात्रीचा रस्ता मुलांना मोकळाच आहे. म्हणून उरलेल्या चौदा पालकांनी भोजनापूर्वी टेबलाशी येऊन कागद वाचावा आणि पटल्यास सही करावी, अशी आमची विनंती आहे. लेखणी तेथे ठेवली आहे.